दुपट्ट्याआडचा चेहरा आणि फोनचं कुलूप

आंबागडच्या परिसराला तोंड झाकायला करोनाने शिकवलेलं नाही. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याच्या काळात, इ.स. १७०० च्या सुमारास, त्याचा सुभेदार राजाखान पठाण याने सातपुड्याच्या डोंगरावर जो किल्ला बांधला, त्याच्या पायथ्याचा हा तुमसर तालुक्यातला मुलूख. मे महिन्यात इथं दुपारी बाहेर पडायचं तर दुपट्टा नाहीतर शेला डोक्यावरून घेऊन कान, नाक, तोंड बांधूनच. मोटारसायकलवरच्या माणसाचे फक्त डोळे दिसतात. धानाच्या मळणीत आणि राइस मिलमध्ये कोंढ्याची धूळ नाकात जाऊ नये म्हणून रुमाल लागतो. चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथल्या मँगनीजच्या खाणी याच तालुक्यात आहेत. त्या रस्त्याने ट्रकच्या मागे गाडी चालवणाऱ्याचंही तोंड उघडं राहत नाही. मास्क लावून फोन कसा उघडायचा हा प्रश्न शहरांनी २०२२ मध्ये मागे टाकला असेल. इथं तो दर उन्हाळ्यात आणि दर सुगीत उभा राहतो.

गावातल्या माणसाला दुपट्टा बांधलेला शेजारी ओळखायला वेळ लागत नाही. चाल, आवाज, गाडी, खांद्याची ठेवण, इतकं त्याच्याकडे असतं. फोनकडे यातलं काही नसतं. त्याच्यासमोर येतो तो फक्त चेहरा, आणि त्यातलाही अर्धा आपण झाकलेला.

चेहऱ्यावरून उघडणारा फोन नेमकं काय करतो ते आधी पाहू. समोर चेहरा आहे का, हे तो प्रथम शोधतो. मग डोळ्यांच्या जागा धरून तो चेहरा सरळ करून घेतो. त्यानंतर डोळ्यांमधलं अंतर, नाकाची उंची, ओठ, हनुवटी, जबड्याची कड अशा सगळ्या ठेवणीतून आकड्यांची एक लांब माळ तयार होते. फोन घेतल्यावर आपण पहिल्यांदा चेहरा दाखवला तेव्हा अशीच एक माळ आत साठवलेली असते. नवी माळ जुन्या माळेच्या किती जवळ आहे, एवढंच फोन मोजतो. ठरलेल्या मर्यादेच्या आत असेल तर कुलूप उघडतं, नसेल तर नाही.

ही मर्यादा कुठे आखायची, यातच सगळी मेख आहे. कडक आखली तर मालकालाच फोन परका मानतो. सैल ठेवली तर भावालाही मालक समजतो. दोन्ही चुका एकदम शून्यावर आणता येत नाहीत. दुपट्टा बांधला की नाकाचं टोक, ओठ, गाल, हनुवटी, जबडा एकदम जातात. उरतात कपाळ, भुवया, डोळे आणि नाकाचा वरचा दांडा. पुरावा निम्म्यावर येतो. कमी पुराव्यावर निकाल द्यायचा तर फोनने एक तर जास्त वेळा नकार द्यावा, नाहीतर मर्यादा सैल करावी.

अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानक आणि तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे ‘निस्ट’ने, जुलै २०२० मध्ये हे मोजून दाखवलं. करोनाच्या आधी तयार झालेल्या ८९ प्रणाली त्यांनी घेतल्या आणि छायाचित्रांवर संगणकानेच मास्क चढवले. उघड्या चेहऱ्याला सर्वांत चांगल्या प्रणाली साधारण ०.३ टक्के वेळा चुकत होत्या. मास्क चढवल्यावर त्यांचीच चूक ५ टक्क्यांच्या आसपास गेली. एरवी बऱ्या म्हणाव्यात अशा कितीतरी प्रणाली २० ते ५० टक्के वेळा खऱ्या माणसाला ओळखू शकल्या नाहीत. मास्क नाकावर जितका वर, तितकी चूक जास्त. काळा मास्क दवाखान्यातल्या फिकट निळ्या मास्कपेक्षा अधिक त्रासाचा ठरला. त्याच परीक्षेतली दुसरी बाब मला जास्त महत्त्वाची वाटते: मास्कमुळे परक्याला आपलं मानण्याचं प्रमाण वाढलं नव्हतं. म्हणजे नकार देणारा फोन बिघडलेला नसतो. पुरावा अपुरा आहे, एवढंच तो प्रामाणिकपणे सांगत असतो. धोका सुरू होतो तो या नकाराला कंटाळून आपण किंवा कंपनी मर्यादा सैल करतो तिथे.

ॲपलच्या आयफोनने हा पेच कसा सोडवला ते पाहण्यासारखं आहे. २०१७ च्या ‘आयफोन टेन’पासून त्यांचा फोन नुसता फोटो काढत नाही, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचे तीस हजारांहून जास्त ठिपके चेहऱ्यावर टाकून तो चेहऱ्याचा उंचसखलपणा वाचतो. अंधारातही हे चालतं आणि सपाट फोटोने फसत नाही. पण मास्कपुढे तोही अडला. मे २०२० मध्ये कंपनीने एवढंच केलं, की मास्क दिसल्यावर वेळ न घालवता पासकोडचा चौकोन पुढे आणायचा. एप्रिल २०२१ मध्ये मनगटावर ॲपलचं घड्याळ असेल तर त्याच्या साक्षीने फोन उघडू लागला. केवळ डोळ्यांभोवतीच्या भागावरून ओळख पटवण्याची सोय आली ती १४ मार्च २०२२ रोजी, आणि तीही आयफोन १२ आणि त्यापुढच्या फोनवर. चष्मा असेल तर चष्म्यासकट चेहरा वेगळा नोंदवावा लागतो आणि काळ्या गॉगलवर ती चालत नाही. महाराष्ट्राने करोनाचे निर्बंध उठवून मास्क ऐच्छिक केला तो गुढीपाडव्याला, २ एप्रिल २०२२ रोजी. जगातल्या एका सर्वांत श्रीमंत कंपनीला या सोयीसाठी जवळजवळ पूर्ण महासाथ खर्ची घालावी लागली, आणि आजही त्याच सेटिंगमध्ये ती स्वतःच लिहिते, की पूर्ण चेहऱ्यावरून ओळख करणंच सर्वांत अचूक.

मधल्या काळात लोकांनी आपली युक्ती काढली होती. मास्क अर्ध्यावर दुमडून, अर्धा चेहरा दाखवून दुसरा चेहरा म्हणून नोंद करायची. फोन उघडायचा, हे खरं. पण अशा नोंदीत फोनला शिकवलं काय जातं, तर अर्ध्या चेहऱ्यावर विश्वास ठेव. डोळ्यांची ठेवण आईसारखी किंवा मोठ्या भावासारखी असणारी माणसं प्रत्येक घरात असतात. जुळ्यांच्या, सारख्या दिसणाऱ्या भावंडांच्या आणि १३ वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत पूर्ण चेहऱ्यानेही चूक होण्याची शक्यता वाढते, असं ॲपलच सांगते. अर्ध्याची गोष्टच सोडा.

आयफोनची ही गोष्ट मी लांबवली, कारण इतकी यंत्रणा असूनही जे जड गेलं, त्याची आपल्या खिशातल्या साध्या फोनकडून आपण सहज अपेक्षा करतो. आपल्याकडच्या बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये ठिपके टाकणारी यंत्रणा नसते. सेल्फीचा कॅमेरा एक सपाट चित्र घेतो आणि त्यावरच निकाल देतो. नेदरलँड्समधल्या ‘कॉन्सुमेन्टेनबॉन्ड’ या ग्राहक संघटनेने ११० फोन तपासून जानेवारी २०१९ मध्ये निकाल जाहीर केला: त्यांतले ४२ फोन मालकाचा छापील फोटो समोर धरल्यावर उघडले. तेव्हापासून सुधारणा झाली आहे, पण सगळीकडे सारखी नाही. अँड्रॉइडच्या नियमांतच अशा ओळखीच्या तीन पायऱ्या आहेत. खोट्या चेहऱ्याला किंवा बोटाला ७ टक्क्यांपेक्षा जास्त वेळा न फसणारी ओळख भक्कम. ७ ते २० टक्के फसणारी कमकुवत. त्याहून जास्त फसणारी केवळ सोयीची. गूगलने २०२२ मध्ये आपल्या ‘पिक्सल ७’मध्ये चेहऱ्याने फोन उघडण्याची सोय दिली, पण त्या चेहऱ्यावर पैशांचे व्यवहार करू दिले नाहीत. पुढच्या वर्षीच्या ‘पिक्सल ८’मध्ये ती ओळख भक्कम झाल्यावरच परवानगी मिळाली.

यावरून तुमच्या फोनची परीक्षा घरबसल्या होते. बँकेच्या ॲपमध्ये बोट लावून आत जाता येतं, पण चेहऱ्याचा पर्यायच येत नाही, असं असेल तर बहुधा तुमच्या फोनची चेहरा-ओळख भक्कम पायरीवर नाही. अशा फोनने दुपट्ट्यातही झटकन कुलूप उघडलं तर मला आनंद होणार नाही, काळजी वाटेल.

मग चेहरा सोडून बोटाकडे वळावं, असं शहरातला कुणीही सांगेल. बोट मास्कची पर्वा करत नाही आणि तापल्या दुपारी दुपट्टा सोडावा लागत नाही. पण आमच्या पूर्व विदर्भात बोटांचीही गोष्ट सरळ नाही. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणीला बांधीत उतरलेल्या बाया दिवसभर चिखलपाण्यात पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, रोवतात. संध्याकाळी बोटांची कातडी पांढरी पडून सुरकुतलेली असते. उन्हाळ्यात तेंदूपानं तोडून, मुडके, म्हणजे जुड्या, बांधून ती खरेदीच्या फळीवर न्यायची. पहाटे मोहफूल वेचायचं. वर्षभर विळा, कुदळ, वीट, सिमेंट. या कामांत बोटांवरच्या रेषा झिजतात. रेशन दुकानातल्या यंत्रावर अंगठा उठत नाही ही तक्रार म्हणूनच इतकी जुनी आहे. म्हणजे जी माणसं ऊन आणि धूळ टाळण्यासाठी तोंड झाकतात, त्यांचीच बोटंही कामाने झिजलेली. सावलीत, खुर्चीवर बसून काम करणाऱ्याचा चेहरा आणि बोट या यंत्रांनी गृहीत धरलं आहे, हे मोकळेपणाने म्हटलं पाहिजे.

आणि आता प्रश्न फोनच्या कुलपापुरता उरलेला नाही. अंगठा उठत नाही म्हणून सरकारी योजना चेहऱ्याकडे वळल्या. निवृत्तिवेतनधारकांचा हयातीचा दाखला नोव्हेंबर २०२१ पासून चेहऱ्यावरून काढता येतो. पीएम-किसानच्या ॲपमध्ये जून २०२३ पासून चेहरा दाखवून ई-केवायसी होते. अंगणवाडीतून घरी नेण्याचा पोषण आहार देताना १ जुलै २०२५ पासून ‘पोषण ट्रॅकर’वर चेहरा पडताळणं बंधनकारक झालं. ऑक्टोबर २०२५ मध्ये यूपीआयचा पिन आधारच्या चेहरा-पडताळणीवरून ठरवण्याची सोयही आली. फोनच्या कुलपात आणि या पडताळणीत मोठा फरक आहे. कुलूप उघडताना तुलना फोनच्या आतच होते. आधारच्या पडताळणीत तुमचा आत्ताचा चेहरा आधारच्या नोंदीतल्या छायाचित्राशी दूरच्या यंत्रणेत ताडला जातो. त्यासाठी नेटवर्क लागतं, उजेड लागतो, समोरचा माणूस जिवंत आहे हे कळावं म्हणून डोळ्यांची उघडझाप करावी लागते. तिथे मास्क, दुपट्टा उतरवावाच लागतो. तसंच असावं, ज्या पडताळणीवर धान्य आणि पैसा अवलंबून आहे, ती अर्ध्या चेहऱ्यावर होऊ नये.

मात्र कुलूप आणि हक्क यांना एकच नियम लावता येणार नाही. फोन उघडला नाही तर माणूस पिन टाकतो. दुसरी वाट त्याच्या हातात असते. डोंगरालगतच्या गावात नेटवर्क गेलं, आधारवरचा फोटो दहा वर्षांपूर्वीचा निघाला, बाळंतपणाने चेहरा उतरला, म्हणून एखाद्या बाईचा चेहरा जुळला नाही, तर तिच्या हातात पिन नसतो. समोर असते ती फोन धरून उभी असलेली अंगणवाडीताई, जी तिला जन्मापासून ओळखते आणि तरीही यंत्राच्या नकारापुढे अडते. चेहरा जुळला नाही तर त्याच दिवशी, त्याच जागी, लेखी नोंद करून आहार देण्याचा अधिकार ताईला स्पष्टपणे दिला गेला पाहिजे.

फोनपुरतं बोलायचं तर माझं मत ठाम आहे. ज्या फोनला चेहऱ्याची खोली वाचता येत नाही, त्यावर तोंड झाकून उघडण्याची कोणतीही युक्ती करू नये, दुपट्ट्यातला चेहरा वेगळा नोंदवू नये. बोटं नोंदवताना एकच अंगठा न देता दोन-तीन बोटं द्यावीत, त्यात डाव्या हाताचं एखादं कमी झिजणारं बोट असावं. रोवणीच्या दिवसांत बोट चाललंच नाही तर पिन आहे. तो सहा आकडी असावा, जन्मसाल किंवा गाडीचा नंबर नसावा, आणि बाजारात चारचौघांसमोर टाकताना दुपट्ट्याच्या पदराआड टाकावा. बोट आणि चेहरा ही सोय आहे, मूळ किल्ली पिनच: फोन बंद करून पुन्हा सुरू केला की तो आधी तोच मागतो. झोपेत किंवा जबरदस्तीने कुणी तुमचा चेहरा फोनसमोर धरेल अशी भीती असेल, तर अँड्रॉइडच्या पॉवर बटणाच्या यादीतला ‘लॉकडाउन’ दाबा; पुढच्या वेळी पिन टाकेपर्यंत चेहरा आणि बोट दोन्ही बंद राहतात.

आणि एक परीक्षा आजच करा. घरातल्या कुणाच्या फोनवर तुमचा चेहरा मोठा दिसेल असा फोटो उघडा आणि तो तुमच्या फोनच्या कॅमेऱ्यासमोर, उजेडात, थोडा पुढे-मागे करून धरा. मग तुमच्यासारखे डोळे असलेल्या भावाला किंवा बहिणीला दुपट्टा बांधून फोन उघडून पाहायला सांगा. दोन्हीपैकी एकानेही कुलूप उघडलं, तर सेटिंगमध्ये जाऊन चेहऱ्याची नोंद लगेच पुसून टाका.