सायक्लोट्रॉनातील शलाका अनुस्पंदन

सायक्लोट्रॉनात [⟶ कणवेगवर्धक] विद्युत् भारित कण चुंबकीय क्षेत्रात सर्पिल मार्गाने फिरत कडेकडे येतात. कोणताही कण आदर्श कक्षेवरून नेमका जात नाही; तो तिच्या आतबाहेर (अरीय) व वरखाली (अक्षीय) अल्प दोलने करीत पुढे सरकतो. एका फेरीतील दोलनांची संख्या पूर्णांक वा साधा अपूर्णांक झाल्यास क्षेत्रातील दोषाचा धक्का पुनःपुन्हा त्याच कलेत बसतो व दोलनाचा परमप्रसर वाढत जातो. यास शलाका अनुस्पंदन म्हणतात. झोपाळा हलक्या पण वेळेवर दिलेल्या धक्क्यांनी उंच जातो, तसेच हे आहे.

सर्वांत उपद्रवी अनुस्पंदन अरीय दोलनसंख्या एक असताना घडते. ही स्थिती केंद्राजवळ असते आणि ध्रुवाच्या कडेशी, क्षेत्र घटू लागते तेथे, पुन्हा येते. क्षेत्र एका बाजूस किंचित अधिक व समोरच्या बाजूस तितकेच कमी असल्यास कक्षेचे केंद्रच सरकते. १·७ टेस्ला क्षेत्रात, १ मी. त्रिज्येवर, अवघ्या ०·०००५ टेस्ला दोषाने हे सरकणे दर फेरीस सु. ०·९ मिमी. होते. अरीय दोलनसंख्या अक्षीय संख्येच्या दुप्पट झाली, तर अरीय दोलनाची ऊर्जा अक्षीय दोलनात जाऊन शलाका ‘डी’ अग्रांवर आदळते.

उपाय मोजणीपासून सुरू होतो. हॉल परिणामावर आधारित शोधकाने प्रत्येक त्रिज्येवर क्षेत्र मोजून दोषाचे मूल्य व दिशा काढतात. मोठा दोष लोखंडी पट्ट्या बसवून घालवितात. उरलेला दोष ध्रुवावर वर्तुळाकार मांडलेल्या वेटोळ्यांतील प्रवाह कमीजास्त करून मारतात. टाळता न येणारे अनुस्पंदन ‘डी’चा विद्युत् दाब वाढवून थोड्या फेऱ्यांत ओलांडतात.

कोलकात्यात २२४ सेंमी. ध्रुवव्यासाच्या सायक्लोट्रॉनात १९७७ मध्ये शलाका मिळाली. तेथीलच अतिसंवाहक सायक्लोट्रॉनात २००९ मध्ये शलाका बाह्य त्रिज्येपर्यंत पोहोचली. पण बाहेर काढता येईना. कारण वर सांगितलेलाच एकांगी क्षेत्रदोष होता. क्षेत्राची फेरमोजणी व दुरुस्ती करावी लागली. गंमत अशी की, कडेजवळ हेच अनुस्पंदन नियंत्रित प्रमाणात मुद्दाम घडवितात, कारण त्याने लगतच्या फेऱ्यांतील अंतर वाढून शलाका बाहेर काढणे सुलभ होते. मुंबईत परळ येथे २००२ मध्ये सुरू झालेल्या वैद्यकीय सायक्लोट्रॉनात ऋण हायड्रोजन आयन वापरून कार्बनाच्या पातळ पत्र्यावर त्यांचे इलेक्ट्रॉन काढून घेतात. त्यामुळे तेथे फेऱ्या वेगळ्या करण्याची गरजच पडत नाही.