घर आजोबांचं, नाव कोणाचं?

आजोबांना जाऊन पंधरा वर्षं झाली, पण धुळ्याच्या आमच्या घराची घरपट्टी अजून त्यांच्याच नावाने येते! जळगावच्या नवी पेठेतल्या मैत्रिणीकडेही सेम सीन. मृत्युपत्र नाही, घरात भांडण नाही, मग कशाला टेन्शन? टेन्शन तेव्हा येतं, जेव्हा घरावर लोन काढायला गेलात की बँक विचारते, ‘मालक कोण?’ आमच्याकडेही हा प्रश्न आला आणि मी कामाला लागले.

प्रोबेटचं भूत

मुंबईकर मित्रांचा पहिला सवाल, ‘प्रोबेट घेतलं का?’ रिलॅक्स! प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचं कोर्टाचं शिक्कामोर्तब. मृत्युपत्रच नाही, तर प्रोबेट कसलं? आणि असलं, तरी १९२५ च्या उत्तराधिकार कायद्यातली ती सक्ती मुंबई शहर आणि जुन्या मद्रास-कलकत्त्याच्या ठरावीक हद्दीपुरती होती. खान्देशात केलेल्या, खान्देशातल्याच घराच्या मृत्युपत्राला ती लागू नव्हती. डिसेंबर २०२५ मध्ये तर संसदेने सक्तीचं ते कलम २१३ च काढून टाकलं.

मग मालक कोण?

घर आजोबांच्या स्वकमाईचं असेल, तर १९५६ चा हिंदू वारसा कायदा स्पष्ट सांगतो: आजी, मुलगे, मुली, सगळ्यांना सारखा वाटा. वडिलोपार्जित असेल, तर २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. विनीता शर्मा खटल्यात सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये त्यावर शिक्का मारला.

आणि आजी? सांगलीच्या कोर्टात १९६२ मध्ये हिराबाई मगदूम यांनी दावा लावला. नवरा १९६० मध्ये वारला होता. मागे दोन मुलगे, तीन मुली, दोन घरं, शेत, दोन दुकानं. त्यांनी मागितले २४ पैकी ७ हिस्से. खालच्या कोर्टाने दिला फक्त एक! मुलाविरुद्धची ही लढाई सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि १९७८ मध्ये त्या जिंकल्या. पण हक्काचा वाटा मिळवायला लागली तब्बल सोळा वर्षं.

कागदांची फिल्डिंग

• आधी मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांच्या नावांचं प्रतिज्ञापत्र. शहरातल्या घरासाठी सिटी सर्व्हे ऑफिसात वारस नोंदीचा अर्ज करा. नोटिसा निघतात, हरकती ऐकल्या जातात, मग मिळकत पत्रिकेवर नावं चढतात. महापालिकेत घरपट्टीवरचं नाव वेगळं बदलावं लागतं.

• पण नाव चढलं म्हणजे मालकी सिद्ध झाली, असं नाही! फेरफार नोंदीने मालकी मिळत नाही, हे सुप्रीम कोर्टाने अनेकदा सांगितलंय. काकांचं एकट्याचं नाव लागलं म्हणून आत्याचा वाटा उडत नाही.

• वारस कोण यावरच वाद असेल, तर दिवाणी कोर्टातून वारस प्रमाणपत्र घ्या. ते चक्क १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली मिळतं! सक्सेशन सर्टिफिकेट मात्र बँकेतल्या ठेवी, शेअर्स वगैरेंसाठी, घरासाठी नाही.

• घर एकाच्याच नावावर करायचंय? मग बाकीच्यांचं हक्कसोडपत्र हवं, तेही रजिस्टर्ड. घरच्या घरी कागदावर लिहून दिलेलं चालत नाही.

जुन्या कागदांवर जिल्हा ‘पूर्व खानदेश’ किंवा ‘पश्चिम खानदेश’ दिसला तर दचकू नका. १९०६ मध्ये खान्देशचे दोन जिल्हे झाले. पूर्व म्हणजे आजचं जळगाव आणि पश्चिम म्हणजे धुळे-नंदुरबार.

आखाजीला बसा

हे काम लांबवलं की सह्या वाढतात. आज आजी, दोन काका, दोन आत्या, म्हणजे पाच सह्या. आणखी एक पिढी गेली की पंधरा! त्यातला एक सुरतला, एक टोरंटोला, एकाशी बोलणंच बंद.

म्हणून आखाजीला सगळे जमतात, तेव्हाच विषय काढा. फक्त माहेरी आलेल्या आत्यापुढे कागद सरकवून ‘इथे एक सही कर गं’ म्हणू नका. हक्कसोडपत्र म्हणजे काय, तिचा वाटा किती, हे आधी तिला समजावून सांगा. तिला सोडायचा असेल, तर ती सोडेल. नसेल सोडायचा, तर पत्रिकेवर तिचंही नाव लावा. घर तिचंही आहे, बॉस!