रंगीत पाणी आणि काळा कोळसा

ऑगस्ट २०१७ मध्ये पनवेल तालुक्यातील तळोजे औद्योगिक वसाहतीत एक विलक्षण दृश्य लोकांच्या दृष्टीस पडले. रस्त्यावर हिंडणारी काही भटकी कुत्री चक्क निळी झाली होती. प्रथम पाहणाऱ्यांस हसू आले. परंतु त्या रंगाचे मूळ शोधू जाता ते मावळले. तो निळा रंग वसाहतीतील एका कारखान्यातला होता आणि रंगमिश्रित सांडपाणी कासाडी नदीत सोडले जात असल्याची तक्रार होती. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने तो कारखाना बंद करविला. कुत्र्यांच्या अंगावर रंग दिसला म्हणून एवढा गवगवा झाला. नदीतील मासे बिचारे गवगवा करीत नाहीत.

एक लिटर पाण्यात एखादा मिलिग्रॅम रंग मिसळला, तरी पुष्कळदा ते रंगलेले दिसते. अशा पाण्यात सूर्यप्रकाश खोलवर पोचत नाही. मग शेवाळास आपले अन्न तयार करता येत नाही, पाण्यातील प्राणवायू घटतो आणि जलचर गुदमरू लागतात. काही रंग तर स्वतःच विषारी असतात. शिवाय कापडाचा रंग उन्हाने विटू नये, साबणाने जाऊ नये, अशाच बेताने तो घडविलेला असतो. दुकानात जो त्याचा गुण, तोच नदीत अवगुण ठरतो.

हा रंग गाळून काढावा म्हटले, तर तो पाण्यात विरघळलेला असतो. फडक्यातून किंवा वाळूतून तो सहज निसटतो. येथे साहाय्यास येतो तो कोळसा. कोळशाने द्रावणाचा रंग जातो, हे टोबियास लोविट्झ या रसायनशास्त्रज्ञाने १७८५ साली रशियात दाखवून दिले. पुढे साखरेचा रस स्वच्छ करण्यासाठी हाडांचा कोळसा वापरात आला.

मात्र चुलीतला कोळसा या कामी फारसा उपयोगी पडत नाही, कारण त्याची छिद्रे थोडी व डांबरासारख्या द्रव्याने बुजलेली असतात. नारळाच्या करवंट्या पुरेशा हवेवाचून भाजून त्यांचा कोळसा करतात आणि सुमारे ८०० ते ९०० अंश सेल्सिअस तापमानात त्यावर वाफ सोडतात. वाफेमुळे कोळशाचा काही भाग झिजून जातो व आत असंख्य सूक्ष्म छिद्रे निर्माण होतात. यालाच सक्रिय कोळसा म्हणतात. त्याच्या एका ग्रॅममधील सर्व छिद्रांच्या भिंती उलगडून पसरता आल्या, तर त्या सुमारे १००० चौरस मीटर जागा व्यापतील! चिमूटभर काळ्या पुडीत एवढे अंगण सामावलेले असते. रंगाचे रेणू या भिंतींना चिकटून राहतात. स्पंज पाणी पितो ते शोषण. पदार्थ केवळ पृष्ठभागास चिकटतो, ते अधिशोषण होय.

आता पटलाकडे वळू. पटल म्हणजे कृत्रिम द्रव्याचा सच्छिद्र पातळ पापुद्रा. मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागास नॅनोमीटर म्हणतात. रंगाचे पुष्कळसे रेणू एकदोन नॅनोमीटरचेच असतात. त्यांना अडविण्याइतकी बारीक छिद्रे ठेवली, तर पाणी पलीकडे ढकलण्यास मोठा दाब द्यावा लागतो व वीज फार खर्च होते. म्हणून संशोधकांनी निराळी युक्ती योजिली: छिद्रे थोडी मोठी ठेवावयाची आणि पटलातच सक्रिय कोळशाची पूड मिसळावयाची. गाळ पटलावर अडतो. रंग आत शिरतो खरा, पण वाटेतील कोळसा त्याला धरून ठेवतो. सर्वच रंग सारखे चिकटत नाहीत. रंगाच्या रेणूवरील विद्युत्भार व पाण्याची आम्लता यांवर पुष्कळ अवलंबून असते. त्यामुळे एका कारखान्याच्या पाण्यास लागू पडलेले पटल दुसऱ्याच्या पाण्यास लागू पडेलच असे नाही. पाण्यात विरघळलेले मीठ तर या मार्गाने मुळीच निघत नाही.

कोळसा रंगाचा नाश करीत नाही, त्याला केवळ पकडतो, हे विसरता कामा नये. सर्व जागा भरल्या की पुढचा रंग तसाच पाण्याबरोबर बाहेर पडतो. सुटा कोळसा पुन्हा भट्टीत तापविला म्हणजे रंग जळून छिद्रे मोकळी होतात. प्रत्येक वेळी थोडा कोळसाही जळतो, एवढेच. पटलास मात्र भट्टी सोसत नाही. ते रसायनांनी धुवावे लागते, आणि त्या धुण्याचे पाणी पुन्हा रंगीतच असते. प्रमाणाने ते थोडे, पण रंगाने अधिक दाट. त्याची विल्हेवाट कारखान्याला वेगळी लावावी लागते.