मृत्युपत्र, नामनिर्देशन व वारसा : काही आवश्यक माहिती

॥ श्री ॥



घरातील व्यक्तीचे निधन झाले म्हणजे तेराव्यापर्यंतचे विधी कसे करावेत हे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यानंतर कपाटातून बँकेची पुस्तके, ठेवींच्या पावत्या व घराचा दस्त बाहेर निघतो, तेव्हा मात्र कुटुंब एकटे पडते. अशा वेळी काही भगिनी देवस्थानच्या कार्यालयात येऊन विचारणा करतात. त्यांच्यासाठी, हिंदू कुटुंबांना लागू असणाऱ्या कायद्यापुरती, ही माहिती देत आहोत.

१) ‘नॉमिनी’ म्हणजे वारस नव्हे

‘खात्यावर माझे नाव आहे, म्हणून पैसा माझा’ हा सर्वांत मोठा गैरसमज आहे. ‘कालनिर्णय’चे संस्थापक कै. जयंत साळगावकर यांचे २० ऑगस्ट २०१३ रोजी निधन झाले. त्यांनी २०११ मध्ये मृत्युपत्र केले होते. त्याखेरीज काही मुदत ठेवी व म्युच्युअल फंड यांवर नामनिर्देशन होते. नामनिर्देशित व्यक्तीच त्या गुंतवणुकीची पूर्ण मालक होते काय, हा वाद मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १४ डिसेंबर २०२३ रोजी निर्णय झाला : केवळ नामनिर्देशनाने मालकी मिळत नाही, मालमत्ता मृत्युपत्राप्रमाणे अथवा वारसा कायद्याप्रमाणेच जाते.

आम्हा विश्वस्तांना हे सहज उमजते. देवाच्या दागिन्यांची किल्ली आमच्याकडे असते. दागिने आमचे नसतात.

आयुर्विम्याचा नियम मात्र वेगळा आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर विमाधारकाने आपले पती वा पत्नी, मुले किंवा आईवडील यांना नेमले असल्यास रकमेचा लाभही सामान्यतः त्यांनाच मिळतो.

२) मृत्युपत्र असेल तर

मृत्युपत्र खरे असल्याचे न्यायालयाने दिलेले प्रमाण म्हणजे प्रोबेट. ते निष्पादकास, म्हणजे वाटणी करण्यासाठी मृत्युपत्रात नेमलेल्या व्यक्तीस मिळते. निष्पादक नेमलेला नसल्यास प्रशासनपत्र मागावे लागते. प्रोबेट मिळाल्यावर निष्पादकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी व एका वर्षात हिशेब न्यायालयास सादर करावयाचा असतो.

इंदूरच्या मृत्युपत्रास प्रोबेटची सक्ती पूर्वीही नव्हती. मात्र मुंबई शहरात घर असलेल्या येथील कुटुंबांना त्या घरासाठी ते घ्यावे लागे. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ मधील हे कलम २१३ संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये वगळले. सक्ती गेली तरी प्रोबेटची सोय कायम आहे. मृत्युपत्राविषयी कोणी शंका घेत असेल तर ते घेणे हिताचे ठरते.

३) मृत्युपत्र नसेल तर

पुरुषाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत पत्नी, मुलगे, मुली व आई या सर्वांचा समान वाटा असतो. विवाहित मुलीचा वाटा विवाहामुळे जात नाही. वृद्ध आईचा वाटा तर बहुधा विसरलाच जातो. आधी निवर्तलेल्या मुलाची पत्नी व मुलेही त्याच्या वाट्याचे हक्कदार असतात. ठेवी, शेअर व येणे रकमांसाठी जिल्हा न्यायालयातून उत्तराधिकार प्रमाणपत्र मिळते. घर वा जमिनीसाठी ते चालत नाही.

४) नामांतरण

महाराष्ट्रात ज्याला फेरफार म्हणतात, त्यास आपल्याकडे नामांतरण म्हणतात. नगर निगमात किंवा तहसील कार्यालयात नाव चढले म्हणजे घर वा जमीन आपली झाली, असे समजू नये. ती नोंद मालकी देत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातीलच एका प्रकरणात ६ सप्टेंबर २०२१ रोजी स्पष्ट केले आहे. भावाच्या एकट्याच्या नावे नोंद झाली म्हणून बहिणीने आपला हक्क संपला असे मानू नये.

५) कायदेशीर साहाय्य

वकिलांकडे जाताना मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची यादी व कागदांच्या छायाप्रती न्याव्यात. न्यायालयासाठी मूळ कागद द्यावा लागल्यास पोच घ्यावी. वकिलांची फी व न्यायालयीन शुल्क किती, हे आरंभीच लेखी विचारून घेण्यात संकोच नसावा. विधिसेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा किंवा १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करावा.

६) दोन विनंत्या

पहिली : दुःखाच्या दिवसांत न वाचता कोठेही सही करू नये. ‘केवळ औपचारिकता आहे’ म्हणून पुढे केलेला कागद हक्कत्यागाचा असू शकतो, आणि एकदा नोंदणी झालेले हक्कत्यागपत्र फिरवणे फार कठीण असते.

दुसरी : आपले मृत्युपत्र आजच करावे. त्यास मुद्रांक लागत नाही, नोंदणीही ऐच्छिक आहे. परंतु दोन साक्षीदारांची सही अनिवार्य आहे. साक्षीदार आपल्याहून वयाने लहान असावेत व त्यांना त्यातून काही मिळणारे नसावे. मृत्युपत्र कोठे ठेवले आहे, हेही घरात सांगून ठेवावे.

मालमत्तेचा वाद मिटतो, पण तुटलेले माहेर पुन्हा जोडले जाईलच असे नाही. म्हणून हे लिहिले.

आपले नम्र,
सचिव, विश्वस्त मंडळ
इंदूर