पोलो बंद होऊन वर्षं झाली, तरी गाडीवेड्यांचा जीव तिच्यातच का अडकलाय?

एप्रिल २०२२. चाकणच्या कारखान्यात बनणारी फोक्सवॅगन पोलो भारतातून निरोप घेणार, हे जाहीर झालं. जाता जाता कंपनीनं ‘लेजंड एडिशन’ काढली, तीही फक्त ७०० गाड्यांची.

तसं पाहिलं तर पोलोत खोट काढायला भरपूर जागा होती. मागच्या सीटवर उंच माणसाचे गुडघे पुढच्या सीटला टेकायचे. बारा वर्षांत गाडीचा मूळ साचा फारसा बदलला नाही. सर्व्हिसिंगचा खर्च मारुतीवाल्यांना ऐकूनच घाम फोडायचा. त्याच पैशात जास्त जागा आणि मोठी स्क्रीन देणाऱ्या गाड्या शोरूममध्ये उभ्या होत्या.

तरीही आज इन्स्टाग्राम उघडलं की घाटात वळणं घेणाऱ्या पोलोच्या रील्स दिसतात. ‘चांगली ठेवलेली जीटी टीएसआय आहे का कुणाकडे?’ असं विचारणारेही कमी नाहीत. हे फक्त पोलोचं नाही. फियाटची पालिओ असो की पुंटो, चालवायला मजा देणाऱ्या छोट्या गाड्यांचा एक वेगळाच चाहतावर्ग असतो.

चार मीटरच्या या गाड्यांमध्ये असं असतं तरी काय?

‘हॉट हॅच’ म्हणजे काय?

ज्या गाडीला मागे डिकीचा वेगळा डबा नसतो आणि मागचं दार काचेसकट वर उघडतं, ती हॅचबॅक. स्विफ्ट, आय२०, अल्ट्रोझ या सगळ्या हॅचबॅकच. अशाच घरगुती गाडीत ताकदवान इंजिन, कडक सस्पेन्शन, रुंद टायर आणि चांगले ब्रेक बसवले की तिला जगभर ‘हॉट हॅच’ म्हणतात.

म्हणजे सोमवारी मुलांना शाळेत सोडायचं, मंगळवारी भाजी आणायची आणि रविवारी पहाटे मोकळ्या रस्त्यावर मनसोक्त चालवायची. दोन दारांची स्पोर्ट्स कार परवडत नाही, परवडली तरी घरच्यांना पटत नाही. हॉट हॅच ही त्यावरची तडजोड आहे, आणि मजा म्हणजे अनेकांना मूळ गोष्टीपेक्षा ही तडजोडच जास्त आवडते.

सुरुवात कुठून झाली?

१९५९ मध्ये ब्रिटनमध्ये ‘मिनी’ आली. अॅलेक इसिगोनिस या डिझायनरनं इंजिन आडवं बसवलं, चाकं चारही कोपऱ्यांत ढकलली आणि जेमतेम तीन मीटरच्या गाडीत चार माणसं बसवली. हेतू होता स्वस्त आणि काटकसरी गाडीचा. पण कोपऱ्यातल्या चाकांमुळे ती वळणावर रस्ता सोडेचना. रेसिंग कार बनवणाऱ्या जॉन कूपर यांनी हे हेरलं आणि १९६१ मध्ये ‘मिनी कूपर’ आली. पुढे १९६४, १९६५ आणि १९६७ मध्ये मिनीनं मोंटे कार्लो रॅली जिंकली, तीही कितीतरी मोठ्या इंजिनांच्या गाड्यांना मागे टाकून.

दुसरा टप्पा १९७६ चा. फोक्सवॅगनच्या काही इंजिनिअरांनी सुरुवातीला जवळपास गुपचूप चालवलेल्या प्रकल्पातून ‘गोल्फ जीटीआय’ जन्माला आली. ११० पीएस ताकद आणि वजन फक्त ८१० किलोच्या आसपास. कंपनीला वाटलं होतं, फार तर ५,००० गाड्या खपतील. पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून जास्त खपल्या. तेव्हापासून ‘जीटीआय’ ही तीन अक्षरं या प्रकाराची ओळख बनली.

खरी जादू वजनात

गाडी ‘पळते’ म्हटलं की आपण आधी हॉर्सपॉवर विचारतो. पण ती ताकद किती वजन ओढतेय, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे.

एक हिशोब बघा. २०१३ मध्ये आलेल्या पोलो जीटी टीएसआयची ताकद होती १०५ पीएस आणि वजन सुमारे ११०० किलो. म्हणजे प्रत्येक टनामागे साधारण ९५ पीएस. आता टोयोटा फॉर्च्युनर घ्या. डिझेल इंजिनाची ताकद २०४ पीएस, पण वजन दोन टनांच्या पुढे. टनामागे ताकद काढली तर आकडा जवळपास तेवढाच येतो! किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

आणि सरळ रस्त्यावर या दोन गाड्या बरोबरीच्या वाटल्या, तरी पहिल्या वळणावर हिशोब बदलतो. ब्रेक दाबल्यावर जितकं वजन जास्त, तितकी जास्त ऊर्जा ब्रेकना जिरवावी लागते. वळताना वजन बाहेरच्या चाकांवर ढकललं जातं आणि गाडी जितकी उंच, तितकं हे ढकलणं जास्त. भरलेली एसटी घाटात कशी कलते, ते आठवा. बुटकी, हलकी गाडी कमी कलते, त्यामुळे चारही टायरना रस्ता नीट पकडता येतो.

लांबीचाही फायदा असतो. एक लांब बांबू मधोमध धरून गर्रकन फिरवून बघा, मग छोटी काठी तशीच फिरवा. काठी लगेच फिरते, बांबू आढेवेढे घेतो. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर कमी असलेली छोटी गाडी त्या काठीसारखी असते. स्टिअरिंग वळवलं की नाक लगेच वळतं.

टर्बोनं काय बदललं?

सगळ्याच पोलो मजेदार नव्हत्या. सुरुवातीच्या साध्या १.२ लिटर पेट्रोल पोलोत ७५ पीएस ताकद आणि ११० न्यूटन मीटर टॉर्क होता. टॉर्क म्हणजे सोप्या भाषेत इंजिनाचा ओढण्याचा जोर. हा पूर्ण जोर मिळायला इंजिन ३,७५० आरपीएमपर्यंत न्यावं लागायचं. चढावर ट्रकला ओव्हरटेक करायचं तर आधी गिअर उतरवा, मग इंजिन ओरडू द्या, मग वाट बघा.

जीटी टीएसआयचं इंजिनही १.२ लिटरचंच होतं, पण त्याला टर्बो होता. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक छोटा पंखा फिरतो आणि तो जास्तीची हवा दाबून इंजिनात भरतो. जास्त हवा म्हणजे जास्त इंधन जाळता येतं. परिणाम काय? १७५ न्यूटन मीटर टॉर्क, तोही १,५०० आरपीएमपासून. म्हणजे खंबाटकी घाटात पाय थोडा दाबला की गाडी लगेच उचल खायची.

सोबत होता सात गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स. यात दोन क्लच असतात. एक क्लच १, ३, ५, ७ हे गिअर सांभाळतो, तर दुसरा २, ४, ६. तुम्ही तिसऱ्यात असता तेव्हा चौथा आधीच तयार ठेवलेला असतो. त्यामुळे गिअर पापणी लवायच्या आत बदलतो. शून्य ते १०० किलोमीटरचा वेग गाठायला कंपनी ९.७ सेकंद सांगायची. आठ लाखांच्या आसपासच्या गाडीसाठी तेव्हा हा आकडा भारी होता.

आकड्यांत न मावणारी गोष्ट

आज बाजारात ९.७ सेकंदांपेक्षा वेगवान इलेक्ट्रिक गाड्या आहेत. मग पोलोच का?

कारण शौकिनांना वेगाइतकाच, किंबहुना जास्त, गाडीशी होणारा संवाद हवा असतो. टायरखाली खडी आलीय की ओला रस्ता, हे स्टिअरिंगमधून हाताला कळलं पाहिजे. ब्रेक किती दाबला की किती लागतो, याचा अंदाज पायाला आला पाहिजे. गाडी घसरण्याच्या बेतात असेल तर तिनं आधी इशारा दिला पाहिजे. सस्पेन्शन कडक असलं तर हे सगळं जास्त स्पष्ट कळतं. अर्थात, त्याच कडकपणामुळे खड्ड्यात कंबरेलाही स्पष्ट कळतं.

जगभरच्या शौकिनांमध्ये एक मत पक्कं आहे. वेगवान गाडी हळू चालवण्यापेक्षा साधी गाडी तिच्या पूर्ण क्षमतेनं चालवण्यात जास्त मजा. ३०० पीएसच्या गाडीची क्षमता आपल्या रस्त्यांवर कधी वापरताच येत नाही. शंभर पीएसच्या हलक्या गाडीत मात्र मर्यादेतल्या वेगातही गिअर, ब्रेक आणि वळण यांचा ताल जमवायची मजा मिळते.

मग भारतात अशा गाड्या इतक्या कमी का?

याचं मोठं उत्तर गॅरेजमध्ये नाही, करांच्या तक्त्यात आहे.

२००६ च्या अर्थसंकल्पापासून भारतात ‘छोटी गाडी’ म्हणजे काय, हे ठरलं. लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत आणि डिझेल १,५०० सीसीपर्यंत. या चौकटीत बसलात तर कर कमी, एक पाऊल बाहेर पडलं तर जास्त. सप्टेंबर २०२५ च्या जीएसटी बदलानंतरही ही रेषा कायम आहे. आत असलेल्या गाडीला १८ टक्के, बाहेरच्या पेट्रोल-डिझेल गाडीला ४० टक्के.

आता गंमत बघा. जगातल्या बहुतेक हॉट हॅच लांबीला छोट्या असतात, पण इंजिन १.४ ते २ लिटरचं असतं. म्हणजे दिसायला छोटी, पण कागदावर मोठी.

रांजणगावात बनलेली अबार्थ पुंटो हे याचं बोलकं उदाहरण. २०१५ मध्ये ती १४५ हॉर्सपॉवर घेऊन आली, किंमत दहा लाखांच्या आसपास. लांबी चार मीटरच्या आतच होती, पण इंजिन १.४ लिटरचं. करसवलत हुकली. स्विफ्ट आपल्याकडे गल्लोगल्ली दिसते, पण १.४ लिटर टर्बोची आणि जपानमध्ये एक टनापेक्षाही हलकी असलेली ‘स्विफ्ट स्पोर्ट’ सुझुकीनं भारतात कधीच विकली नाही. पोलो जीटी टीएसआय टिकली, कारण तिचं इंजिन १,१९७ सीसीचं होतं. चौकटीत अगदी काठावर बसलेलं.

२०१६ मध्ये १.८ लिटरची, १९२ पीएसची खरीखुरी पोलो जीटीआय आयात करून आणली गेली, तेव्हा तिची किंमत २५ लाखांच्या पुढे होती. २०२५ मध्ये २६५ पीएसची गोल्फ जीटीआय आली ती सुमारे ५३ लाखांना.

दुसरं कारण ग्राहकांचं. दहा-बारा लाख खर्च करायचे तर बहुतेक घरांना उंच बसणारी, खड्ड्यांना न घाबरणारी एसयूव्ही हवी असते. त्यात चुकीचंही काही नाही. तरी मधली वाट शोधायचे प्रयत्न सुरू असतात. ह्युंदाईनं २०२१ मध्ये १२० पीएसची आय२० एन लाइन आणली, टाटानं २०२४ मध्ये तेवढ्याच ताकदीची अल्ट्रोझ रेसर. दोन्हींची इंजिनं १,२०० सीसीच्या आतली, टर्बोवाली.

मजा आणि धोका यांच्यामधली रेषा

ताम्हिणीतल्या रील्समध्ये एक गोष्ट दिसत नाही. वळणापलीकडून येणारी दुचाकी, रस्त्यावर आलेली गुरं, पावसात सुटलेली माती.

भौतिकशास्त्र इथे कुणाचीच गय करत नाही. वेग ६० वरून १२० झाला की ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. ब्रेक लागल्यावर थांबायला अंतरही साधारण चौपट लागतं. गाडी कितीही चपळ असली तरी न दिसणाऱ्या वळणाला तिच्याकडे उत्तर नसतं. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार गुन्हाही आहे.

ज्यांना गाडीची मर्यादा खरंच बघायचीय, त्यांच्यासाठी जागा आहे ट्रॅकची. कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टईचं सर्किट, ग्रेटर नोएडाचं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट. खुद्द पोलोची भारतातली रेसिंग मालिका २०१० मध्ये अशाच ट्रॅकवर सुरू झाली होती.

जुनी घेताय? हे बघा

पोलो आता फक्त सेकंडहँड मिळते. त्यामुळे भावनेच्या भरात टोकन देण्याआधी काही गोष्टी तपासा.

• एअरबॅग: २०१४ मध्ये जाहीर झालेल्या ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत एअरबॅग नसलेल्या पोलोला शून्य स्टार मिळाले, दोन एअरबॅग असलेल्या पोलोला चार. त्याआधीची साधी मॉडेल्स घेताना हे नक्की बघा.

• डीएसजी: गाडी ट्रॅफिकमध्ये हळूहळू चालवून बघा. या गिअरबॉक्सचे कोरडे क्लच थांबत-थांबत चालण्यात तापतात. धक्के बसत असतील तर दुरुस्ती महागात पडते.

• रीमॅप: सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेली आहे का, ते स्पष्ट विचारा. इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्सवर त्याचा ताण येतो. नोंदणीतला तपशील बदलणारे फेरफार कलम ५२ मध्ये अडकू शकतात आणि विम्याचा दावाही अडचणीत येऊ शकतो.

• टायर: कडेवर छापलेला चार आकडी कोड वाचा. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. टायरवर नक्षी दिसत असली तरी रबर जुनं होऊन कडक झालेलं असू शकतं.

यातली शेवटची गोष्ट सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाची. कारण इंजिन, टर्बो, सस्पेन्शन हे सगळं शेवटी रस्त्याला टेकतं ते टायरच्या तळहाताएवढ्या चार तुकड्यांवर. रील बघून गाडी घेणाऱ्यांनी सगळ्यात आधी तिथेच वाकून बघावं.