मिडी
इलेक्ट्रॉनिक वाद्ये व संगणक यांच्यात संदेशवहन घडवून आणणारी प्रमाणित पद्धती. डेव्ह स्मिथ (अमेरिका) व इकुतारो काकेहाशी (जपान) यांच्या पुढाकाराने ती १९८३ मध्ये प्रचारात आली. तीत ध्वनी नव्हे, तर कोणती पट्टी केव्हा व किती जोराने दाबली, यांविषयीच्या सूचना सेकंदास ३१,२५० बिट या वेगाने १६ वाहिन्यांतून पाठविल्या जातात. आघाताच्या तीव्रतेचे १२८ स्तर असतात; २०२० मधील सुधारित आवृत्तीत ते ६५,५३६ झाले, तथापि जुन्या वाद्यांशी सुसंगती राखण्यात आली. त्यामुळे संगणकातील संगीतनिर्मितीची आज्ञावली बदलली, तरी मूळ वाद्य निरुपयोगी ठरत नाही. मात्र दोहोंना जोडणारे उपकरण नव्या संगणकप्रणालीशी जुळणारे असावे लागते.