एकशंकू स्पीकर आणि दोन 'च'कार : घरगुती रचना व श्रवण यांविषयी काही विचार

बोलींच्या अभ्यासकाचा बहुतेक वेळ ऐकण्यात जातो. परंतु आपण कशातून ऐकतो, याचा विचार तो क्वचितच करतो. मुद्रणाच्या वेळी सूक्ष्मध्वनिग्राहक कोणता होता, निवेदकाच्या मुखापासून तो किती अंतरावर ठेवला होता, याची नोंद आपण टिपणवहीत कटाक्षाने करतो. तेच मुद्रण पुढे विभागात ज्या साधनातून वाजविले जाते त्याचा मात्र प्रबंधात कोठे उल्लेखही आढळत नाही. प्रस्तुत लेखकाकडूनही ही चूक अनेक वर्षे होत आली. ती ध्यानात कशी आली व तिच्यावर उपाय म्हणून विभागात स्पीकरची एक साधी जोडी कशी तयार केली, हे येथे सांगावयाचे आहे.

प्रथम शब्दाविषयी. 'ध्वनिक्षेपक' हा शब्द वर्तमानपत्रांतून कधी बोलणाऱ्यापुढील ग्राहकाला, तर कधी आवाज बाहेर टाकणाऱ्या साधनाला लावलेला दिसतो. 'ध्वनिवर्धक' म्हणावे, तर वर्धनाचे काम हे साधन करीतच नाही. ते आधीच्या यंत्राचे. 'कर्णा' हा उत्तम मराठी शब्द आहे खरा, पण त्याने सभामंडपावरील तुतारीसारखा आकारच डोळ्यांपुढे येतो. तेव्हा पुण्यातील तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावर जो शब्द सर्वांना समजतो तो 'स्पीकर' हाच शब्द येथे वापरला आहे.

आता मूळ प्रसंग. एका बोलीतील शब्दांच्या मुद्रणाचे लिप्यंकन आम्ही तिघे एकत्र बसून करीत होतो. 'चारा', 'चाळण', 'जरा', 'जोंधळा' असे नित्याचे शब्द होते. मराठीत 'च' व 'ज' या प्रत्येक अक्षराचे दोन उच्चार आहेत, एक तालव्य व दुसरा दंततालव्य, हे वाचकांस ठाऊकच आहे. 'जग' म्हणजे विश्व व 'जग' म्हणजे जिवंत राहा, 'चार' ही संख्या व 'चार' ही गुरांना चारा घालण्याची आज्ञा, या जोड्यांतील भेद लेखनात दिसत नाही. तो कानानेच धरावा लागतो. प्रमाण भाषेत जेथे दंततालव्य उच्चार होतो तेथे एखाद्या बोलीत तालव्य उच्चार होत असेल, तर ती गोष्ट बोलींच्या सीमा ठरविताना महत्त्वाची असते. त्या दिवशी 'चाळण' या शब्दात आम्हा दोघांना दंततालव्य 'च' ऐकू आला. तिसऱ्या सहकाऱ्याने, जो खिडकीलगत एका बाजूस बसला होता, तालव्य लिहिला. पुढील आठ-दहा शब्दांतही असेच घडले. त्याचा कान आमच्याहून कमी शिकलेला नव्हता. अखेर काहीशा वैतागाने आम्ही जागा बदलल्या, आणि मग तालव्य 'च' मला ऐकू येऊ लागला! त्या मुद्रणावरून नकाशावर रेषा काढली असती, तर ती दोन बोलींमधील नव्हे, दोन खुर्च्यांमधील ठरली असती.

याचे कारण गूढ नाही. दंततालव्य 'च'मधील घर्षणाची शक्ती मुख्यतः चार-पाच हजार हर्ट्झच्या वर पसरलेली असते. तालव्य 'च'ची त्याहून खाली, साधारण अडीच ते चार हजारांच्या भागात अधिक असते. वरचा भाग कमी केला की दंततालव्य 'च' तालव्याकडे झुकल्यासारखा भासतो. जुन्या दूरध्वनीच्या तारेतून ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जात असे, म्हणून त्यावर अनोळखी आडनाव सांगताना अक्षरे फोडून सांगावी लागत, हा अनुभव अनेकांचा असेल. आमच्या खोलीत हा वरचा भाग स्पीकरच कापीत होता; मात्र सर्वांसाठी नव्हे, फक्त बाजूला बसलेल्यासाठी.

स्पीकरची मूळ रचना आजही तीच आहे, जी चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ मध्ये मांडली. चुंबकाच्या अरुंद वर्तुळाकार फटीत तारेचे हलके वेटोळे असते. त्यातून वाणीचा विद्युत्प्रवाह गेला की वेटोळे मागेपुढे हलते, आणि त्याला चिकटविलेला कागदाचा शंकू हवा ढकलतो. अडचण अशी की, एकाच शंकूकडून परस्परविरुद्ध अपेक्षा असतात. मंद्र स्वरांसाठी पुष्कळ हवा हलवावी लागते. तीव्रता तेवढीच राखून स्वर एक सप्तक खाली न्यावयाचा, तर शंकूची हालचाल चौपट करावी लागते. म्हणून शंकू मोठा हवा. उलट तार स्वरांची तरंगलांबी लहान असते. शंकूचा व्यास तरंगलांबीच्या बरोबरीस आला की आवाज सर्वत्र न पसरता दिव्याच्या झोताप्रमाणे समोर एकवटतो. म्हणून शंकू लहान हवा.

आमच्या जुन्या पेटीत २० सें.मी.चा स्पीकर होता. त्याच्या शंकूचा परिणामी व्यास सुमारे १६.५ सें.मी. धरला, तर साधारण २१०० हर्ट्झलाच ही मर्यादा येते. तो शंकू एक कठीण चकती आहे असे मानून गणित केले, तर ५००० हर्ट्झचा स्वर समोरच्या रेषेपासून ३० अंशांवर जवळजवळ नाहीसा होतो. प्रत्यक्षात इतके होत नाही, कारण कागदी शंकू त्या वेगाने अखंड हलतच नाही. कडेचा भाग मागे पडतो व मधलाच भाग काम करतो. तरी खिडकीलगतच्या खुर्चीतील माणसाची बाजू समजण्यास हे गणित पुरेसे आहे. १० सें.मी.च्या स्पीकरमध्ये परिणामी व्यास ८ सें.मी. धरल्यास त्याच कोनावर, त्याच स्वराची घट फक्त सुमारे ४ डेसिबल येते.

मग काम दोघांत वाटून का देऊ नये? बहुतेक स्पीकरपेट्यांत तसेच केलेले असते: खालचे स्वर मोठ्या शंकूला, वरचे लहानाला, आणि दोहोंमध्ये विभाजक मंडल. संगीतासाठी ही व्यवस्था उत्तम आहे, आणि मापनयंत्रासमोर चांगली द्विशंकू पेटी एकशंकूवर मात करते हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पण विभाजनाचा बिंदू बहुधा दोन ते तीन हजार हर्ट्झच्या दरम्यान येतो, म्हणजे नेमका स्वरांच्या दुसऱ्या-तिसऱ्या ध्वनिपुंजांच्या आणि तालव्य घर्षणाच्या प्रदेशात. २५०० हर्ट्झची तरंगलांबी सुमारे १४ सें.मी. आहे, आणि दोन शंकूंच्या केंद्रांतील अंतरही बहुधा तेवढेच असते. श्रोता उभा राहिला किंवा खाली वाकून लिहू लागला, की दोन आवाजांच्या मार्गांतील अंतर बदलते व त्या भागात ते एकमेकांस कोठे मारतात, कोठे साहाय्य करतात. एकशंकू स्पीकरमध्ये दोष आहेतच. पण सर्व दोष एकाच ठिकाणाहून येतात, आणि म्हणून ते ओळखता येतात. आमच्या कामापुरता हा गुण मला मोठा वाटतो.

या मार्गाने गेलेल्यांची परंपराही जुनी आहे. इंग्लंडमध्ये पॉल व्हॉइट यांनी मुख्य शंकूच्या मध्यभागी दुसरा लहान, कडा मोकळी असलेला शंकू चिकटविण्याची युक्ती पुढे आणली. त्यांचाच वारसा पुढे लोथर या नावाने चालला. हॉलंडच्या फिलिप्सचा ९७१० हा दुहेरी शंकूचा स्पीकर हौशी लोकांत फार प्रिय होता. जपानात फॉस्टेक्सचे लहान स्पीकर घेऊन घरी पेट्या करणाऱ्यांचा एक वर्गच निर्माण झाला, आणि तेत्सुओ नागाओका या समीक्षकाने त्यांच्यासाठी शेकडो आराखडे प्रसिद्ध केले. लहान शंकूची ती युक्ती मात्र आम्ही जाणूनबुजून टाळली. तिच्यामुळे वरच्या भागात आवाज वाढतो, पण तो अनेकदा एखाद्या उंचवट्याच्या रूपाने वाढतो. सतार त्यामुळे चकचकीत वाटेल. तालव्य 'च' मात्र विनाकारण दंततालव्याकडे सरकेल.

पेटीचे गणित आता सुलभ झाले आहे, याचे श्रेय ऑस्ट्रेलियात काम केलेल्या नेव्हिल थील व रिचर्ड स्मॉल यांना आहे. थील यांचा निबंध १९६१ चा. स्मॉल यांचे लेखन १९७० नंतरच्या दशकातील. त्यांच्यामुळे स्पीकर विकत घेताना त्याबरोबर काही अंक मिळू लागले. मुख्य अंक तीन : मोकळ्या हवेतील अनुनादाची कंपनसंख्या, शंकूच्या ताठरपणाशी तुल्य असलेले हवेचे आकारमान, आणि अवमंदनाचा गुणांक. समजा, ते अनुक्रमे ८० हर्ट्झ, ६ लिटर व ०.५ आहेत. बंद पेटीही ६ लिटरचीच केली, तर आतील हवा शंकूला दुसऱ्या स्प्रिंगसारखी रेटते आणि पहिला व तिसरा अंक दोनच्या वर्गमुळाने, म्हणजे १.४१ ने, वाढतात. अनुनाद ११३ हर्ट्झवर येतो व गुणांक ०.७१ होतो. हा गुणांक या कामी सर्वांत सोयीचा, कारण त्याच्यामुळे उंचवटा न येता आवाज खाली सावकाश उतरत जातो. पेटीला नळी बसवून आणखी खाली जाता येते (अमेरिकेतील थुरास यांनी १९३२ मध्ये तिचे पेटंट मिळविले), पण आम्हांला ढोल ऐकावयाचे नव्हते.

११३ हर्ट्झ म्हणजे पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वरच कापला जाणार, अशी शंका येईल. १०० हर्ट्झला घट सुमारे ४ डेसिबल पडते. परंतु कान स्वराची उंची त्याच्या उपस्वरांवरूनही ठरवितो. नाहीतर दूरध्वनीवर वडिलांचा आवाज मुलाला ओळखू आला नसता.

पेटी १८ मि.मी. जाडीच्या प्लायवुडची केली. आतील मापे रुंदी १६.४, उंची २४.४ व खोली १५ सें.मी.; ६ लिटर भरतात. सुताराला दोन गोष्टी निक्षून सांगाव्या लागल्या : सांधा दिसावयास कसाही असो, पण हवाबंद हवा, आणि स्पीकरचे भोक पुढच्या फळीच्या ठीक मध्यावर नको, कारण तसे केल्यास चारी कडांवरून परतणारा आवाज एकाच वेळी येऊन मिळतो. दुसरी गोष्ट त्याला अजिबात पटली नाही, आणि पहिल्या पेटीत त्याने भोक मध्यावरच पाडले. ती फळी बदलली. आतून फटी लांबीने बुजविल्या, गादीचा पिंजलेला कापूस सैलसर भरला, तारांना डाख दिला. कापूस घट्ट कोंबू नये, आणि त्याचे तंतू शंकूला लागू नयेत म्हणून स्पीकरच्या पाठीवर पातळ मलमल बांधावी. पावसाळ्यात कागदी शंकू ओलावा धरतो. तेव्हा पेटी भिंतीच्या ओलीपासून दूर ठेवलेली बरी.

पहिल्या श्रवणात निराशा झाली. आवाज स्वच्छ पण किरटा, जणू निवेदक दोन बोटे उंचावून बोलत आहे. हा दोष स्पीकरचा नव्हे, फळीच्या रुंदीचा. वरचे स्वर फळीवरून फक्त पुढे जातात, खालचे पेटीला वळसा घालून मागेही पसरतात. त्यामुळे पुढे बसलेल्याला वरचा भाग ६ डेसिबलपर्यंत जास्त ऐकू येतो. ११५ ला फळीच्या मीटरमधील रुंदीने भागले की हा बदल कोठे होतो ते कळते. २० सें.मी. रुंदीला ही संख्या ५७५ हर्ट्झ येते. उपाय म्हणून सुमारे दीड मिलिहेन्रीचे वेटोळे व त्याला समांतर ५ ओहमचा रोधक, अशी जोडी स्पीकरच्या मार्गात घातली. ८ ओहमच्या स्पीकरला त्याने वरचा भाग सुमारे ४ डेसिबल उतरतो. उरलेले काम मागच्या भिंतीने केले. आवाज बसल्या जागी माणसाच्या छातीत उतरला.

गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी १९५४ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये प्रत्यक्ष वादन व त्याचे मुद्रण भरसभेत एकापाठोपाठ ऐकविले होते. त्याच धर्तीची, अर्थात फारच लहान, परीक्षा आम्ही घेतली. एक विद्यार्थिनी पातळ सुती पडद्याआड बसून शब्द वाचीत असे, आणि तिच्याच मुद्रणातील शब्द मध्येच शेजारच्या पेटीतून येत. प्रत्यक्ष माणूस व मुद्रण हा फरक बहुतेकांना ओळखू आला. आम्हांला त्याचे दुःख नव्हते. आम्हांला पाहावयाचे होते ते एवढेच, की दोन 'च'कारांविषयी मतभेद होतात का. समोरच्या व बाजूच्या खुर्च्यांवरून या वेळी लिप्यंकने जुळली. फक्त एका 'जरा'विषयी वाद राहिला, आणि तो पडद्यामागील विद्यार्थिनीच्या प्रत्यक्ष उच्चाराविषयीही राहिला. त्यानंतर त्या जुन्या मुद्रणाचे लिप्यंकन पुन्हा केले. 'चाळण' दंततालव्यच होती.

एकट्याने लिप्यंकन करावयाचे असेल, तर कानावरील श्रवणक अधिक चांगले, यात शंका नाही. खोलीचा प्रश्नच मिटतो. पण निवेदक समोर बसलेला असतो, त्याने आपलाच शब्द ऐकून 'असे नव्हे, असे' म्हणावयाचे असते, तेव्हा सर्वांनी एकच आवाज एकाच हवेतून ऐकणे आवश्यक असते.

एका मर्यादेचा उल्लेख केला पाहिजे. ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाच्या ग्रामोफोन तबकड्या १९१३ ते १९२९ या काळात भरल्या गेल्या. उधळ्या पुत्राची गोष्ट हिंदुस्थानातील अनेक भाषांत व बोलींत त्यांवर मुद्रित आहे, आणि शिकागो विद्यापीठाच्या संग्रहामुळे त्या आज सर्वांना ऐकता येतात. नव्या पेट्यांवर त्या ऐकताना फार उत्सुकता होती. परंतु त्यांतील प्रारंभीच्या तबकड्या १९२५ च्या सुमारास विद्युत्-मुद्रण प्रचारात येण्यापूर्वीच्या आहेत. कर्ण्यात बोलून सुईने मेणात कोरलेल्या त्या मुद्रणात अडीच-तीन हजार हर्ट्झच्या वरचे फारसे उतरतच नसे. स्वर, नासिक्ये, बोलण्याची लय हे सर्व आमच्या लहान शंकूंमधून पूर्वीपेक्षा स्पष्ट आले. दोन 'च'कारांचा भेद मात्र त्या तबकडीत मुळातच नाही. तेथे ज्यांनी प्रत्यक्ष ऐकून लिहिले त्यांच्या लेखी नोंदींवरच आपणांस विसंबावे लागते.